चित्राखाली आकार आणि माध्यमही छापावे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमूर्त चित्रांविषयीचा मजकूर मराठी वृत्तपत्रांत बहुधा दोनच निमित्तांनी येतो. एखाद्या चित्राला लिलावात मोठी किंमत आली म्हणून, किंवा एखादे ज्येष्ठ चित्रकार निवर्तले म्हणून. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, तेव्हा त्या बातमीचे कात्रण आमच्या कार्यालयात दिवसभर हातोहात फिरले होते. बातमीसोबत तळहातावर मावेल एवढे चित्र छापलेले होते आणि ते पाहणारा प्रत्येक जण तेच विचारत होता की यात एवढे आहे तरी काय. मीही तेच विचारले होते. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी स्वतः पोताची अमूर्त चित्रे ॲक्रिलिक रंगांत करू लागले, आणि गेली पाच वर्षे या कामाने मला जो आनंद दिला आहे तो कोणाला तरी नीट सांगावा असे सारखे वाटत राहिले. आपल्या वृत्तपत्राकडून माझी एक लहानशी अपेक्षाही आहे. ती पत्राच्या शेवटी मांडते, कारण आधीचे सांगितल्याशिवाय तिचे कारण कळणार नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात राहते. मृदा परीक्षण प्रयोगशाळेत ३१ वर्षे काम करून २०१८ मध्ये निवृत्त झाले. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही; शाळेत वस्तुचित्राला मला जेमतेम गुण मिळत. मात्र पोत हा शब्द माझ्या रोजच्या कामातला होता. मराठीत तो किती ठिकाणी वापरतात पाहा. आई दुकानात इरकल लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून त्याचा पोत पाहत असे, शेतकरी रान विकत घेताना जमिनीचा पोत विचारतो, आणि चित्रकारही चित्राच्या पृष्ठभागाबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात. तिन्ही ठिकाणी तो बोटांनी कळतो. आमच्या प्रयोगशाळेत मातीतील वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण काढायला उपकरणे होती, पण शेतावर गेल्यावर पहिली परीक्षा हाताचीच असे. चिमूटभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचे थेंब सोडायचे, ती मळायची आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबून तिची पट्टी काढायची. वाळूचा अंश जास्त असला तर पट्टी धरत नाही आणि कण बोटांत करकरतात, पोयटा असला तर पिठासारखे मऊ लागते, आणि चिकणमाती असली तर लांब, गुळगुळीत पट्टी निघते व बोटे सोडत नाही. चिकणमातीचा एक कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो, तो डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. पण त्वचेला मात्र त्याचे असणे अचूक समजते. निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त चुकल्यासारखे झाले ते बोटांच्या या कामाबद्दल.

सुरुवात अगदी घरगुती झाली. नातीचे उरलेले ॲक्रिलिक रंग कपाटात पडून होते आणि एक जुनी प्लायवूडची फळी होती. काहीतरी जाडसर, हाताने पसरता येईल असे करून पाहावे म्हणून मी रांगोळीची पांढरी भुकटी तीन वाट्या घेतली, सुतारकामात वापरतात तो पांढरा गोंद वाटीभर घातला, थोडे पाणी आणि पांढरा रंग मिसळला व ते पुरणासारखे घट्ट होईपर्यंत घोटले. ब्रशने ते पसरेना, म्हणून स्वयंपाकघरातील उलथने घेतले. उलथन्याच्या कडेने तो लगदा फळीवर ओढताना त्याखालून जी कुरकूर हाताला जाणवली, ती मला ओळखीची वाटली. त्या दुपारी मी चार तास जागची उठले नाही. काही काढायचे ठरवलेले नव्हते. पसरायचे, खरवडायचे, कंगव्याने रेघा ओढायच्या, ओल्या हाताने त्या पुसायच्या, पुन्हा पसरायचे, एवढेच चालले होते. संध्याकाळी फळीवर जे होते ते चांगले होते असे मी म्हणणार नाही, पण त्याच्यावरून हात काढवेना.

मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४० च्या वर. दोन दिवसांनी फळी पाहिली तर तिच्यावर भेगांचे जाळे पसरलेले होते. बोटभर जाड थर मी एकदाच दिला होता. उष्णतेने त्याची वरची साय लगेच वाळून ताठ झाली, आतले पाणी नंतर सावकाश गेले, आतला भाग आकसला आणि वरचा भाग फाटला. हे पाहून दुसरा कोणी खट्टू झाला असता, मी मात्र फळीसमोर बसून हसत होते, कारण त्या भेगा मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. आमच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात रानाला इतक्या खोल भेगा पडतात की हातातील काठी आत जाते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते आणि पावसाळ्यात रान पुन्हा मिटते. फळीवर घडले होते त्याचे रसायन वेगळे होते, रीत तीच होती.

भेगा हव्या असतील तेव्हा पाडता याव्यात आणि नको असतील तेव्हा टाळता याव्यात, या एका गोष्टीवर मी जवळजवळ वर्ष घालवले, आणि माझ्या मते ते माझे सर्वांत आनंदाचे वर्ष होते. थर दोन ते तीन मिलिमीटरचा द्यायचा आणि तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा, हे लवकर समजले. वाळताना फळीवर सैलसा ओलसर कपडा तंबूसारखा धरला तर पाणी सावकाश जाते, हेही समजले. ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा फळीवर जाड काम अधिक टिकते, कारण कापड दबते आणि दबल्याबरोबर वरचा कडक थर तडकतो. पण खरा उपाय मला आजीच्या घराच्या आठवणीत मिळाला. आजीचे घर माळवदाचे होते. भिंतींना लावायची माती ती कधीही नुसती लावत नसे. पांढरीच्या मातीत शेण आणि गव्हाचे भुसकट घालून दोन दिवस भिजू देई आणि मग पायाने तुडवी. भुसकटाच्या काड्या मातीला आतून धरून ठेवतात, म्हणून ती आकसली तरी फाटत नाही. मी लगद्याच्या पहिल्या थरात जखमेवर बांधतात तो जाळीचा सुती कपडा दाबून बसवला आणि दुसऱ्या थरात बारीक कातरलेला काथ्या मिसळला. त्यानंतर नको असलेली भेग फार क्वचित पडली. सारवताना आजीच्या चार बोटांनी जमिनीवर कमानीमागून कमानी उमटत, चुलीकडून दाराकडे ती मागे सरकत जाई आणि शेवटी उंबरठ्याशी येऊन थांबे. त्या कमानी कशाचे चित्र आहेत, असे घरातील कोणीही तिला कधी विचारले नाही. आमच्या महाराष्ट्रातील लाखो घरांत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोताची अमूर्त रचना केली आणि आठ दिवसांनी पुन्हा नवी केली, हे मला साठी उलटल्यावर कळले.

आता रंगाविषयी. गोंद आणि रांगोळी यांचा घरगुती लगदा पावसाळ्याच्या दमट हवेत मऊ पडतो, हे दोन फळ्या गमावल्यावर लक्षात आले. तेव्हापासून मी संगमरवराची भुकटी आणि ॲक्रिलिकचे माध्यम (रंगद्रव्य नसलेला ॲक्रिलिकचा द्रव) यांपासून बनवलेली तयार पेस्ट आणते. ॲक्रिलिक हे माध्यम जुने नाही. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा हे तैलरंगांत नाव मिळवल्यानंतर ॲक्रिलिककडे वळले आणि पुढे त्यातच रमले. या रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, दुधासारखे. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून एकसंध पारदर्शक पापुद्रा बनतो आणि रंगाचे कण त्यात अडकून राहतात. दुधाळपणा गेल्यामुळे वाळलेला रंग ओल्या रंगापेक्षा गडद दिसतो. नवशिक्याला याचा सुरुवातीला फार त्रास होतो, कारण मनासारखी छटा जमली असे वाटते आणि अर्ध्या तासाने तिथे दुसरीच असते. तैलरंगाला वाळायला दिवस लागतात, ॲक्रिलिकचा पातळ हात पंधरा-वीस मिनिटांत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. पोताचे काम करणाऱ्याला हा गुण वरदानासारखा आहे. खालचा थर न बिघडवता एका दिवसात दहा थर चढवता येतात, आणि त्यातील कोणताही घासून पुन्हा उघडा करता येतो.

पोतावर रंग चढवण्याच्या ज्या दोन रीती मला सर्वांत प्रिय आहेत त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्या रीतीत रंग पाण्यासारखा पातळ करून संपूर्ण फळीवर ओततात आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतात. उंचवट्यावरचा रंग फडक्याला लागून निघून जातो, खाचांत आणि भेगांत शिरलेला तसाच राहतो. दुसऱ्या रीतीत जवळजवळ कोरडा ब्रश, त्यावर अगदी थोडा घट्ट रंग घेऊन, पृष्ठभागावरून हलक्या हाताने आडवा फिरवतात. आता रंग फक्त शिखरांवर बसतो आणि खाचा मोकळ्या राहतात. या दोन्ही आलटून पालटून केल्या की फळी हळूहळू बोलू लागते. पहिल्यांदा भेगांमध्ये गडद तपकिरी रंग उतरलेला मी पाहिला, तेव्हा पावसाचे पाणी नांगरटीत भरताना पाहिल्यावर वाटते तसे मला वाटले. वेळ कळत नाही, भूक लागत नाही, गुडघे दुखत असल्याचे आठवत नाही.

रंग निवडताना माझा जुना पेशा आपोआप पुढे येतो. पिवळी माती, काव, गेरू आणि काळपट तपकिरी हे रंग लोहाच्या आणि मँगनीजच्या संयुगांचे आहेत. डबीवर त्यांची परदेशी नावे असतात, पण मी त्यांना शेतांच्या बांधांवर आधीच भेटलेली आहे. मातीचा रंग ठरवण्यासाठी आम्ही मुन्सेल यांची रंगपट्टी वापरत असू. ढेकूळ उन्हात धरायचे, पुस्तकातील चौकोनांशी ताडून पाहायचे आणि रंगछटा, उजळपणा व तीव्रता यांचे आकडे लिहायचे. आमच्या खोल काळ्या जमिनींच्या नोंदींत १० वायआर ३/१ हा आकडा, म्हणजे अगदी गडद राखाडी रंग, वारंवार येई. अनेक वर्षे ती पट्टी हाताळूनही मुन्सेल कोण होते हे मी कधी पाहिले नव्हते. चित्र काढू लागल्यावर कळले की आल्बर्ट मुन्सेल हे अमेरिकेतील चित्रकार आणि कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना रंग शिकवण्यासाठी त्यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केली, आणि मातीच्या शास्त्रज्ञांनी ती नंतर उचलली. म्हणजे ३१ वर्षे मी एका चित्रकाराच्या पुस्तकावरच नोकरी केली. हे समजले त्या दिवशी मला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. दोन कामे वेगळी आहेत असे मी मानत होते आणि ती मुळात वेगळी नव्हती.

माझी एक फळी पूर्वेच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगलेली आहे. सकाळी सातला ऊन तिच्यावर जवळजवळ आडवे पडते आणि तांदळाएवढ्या प्रत्येक कणाची सावली लांब होते, तेव्हा ती फळी डोंगराळ मुलखासारखी दिसते. दुपारी समोरून उजेड आला की सगळ्या सावल्या जातात आणि नुसते रंगांचे डाग उरतात. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात ती आणखी तिसरीच असते. भ्रमणध्वनीने मी तिची अनेक छायाचित्रे घेतली, त्यांतील एकही खरे वाटत नाही.

गेल्या वर्षी एक ओळखीचे शेतकरी घरी आले होते. पूर्वी ते मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत येत. चहा होईपर्यंत ते त्या फळीसमोर उभे राहिले, थोड्या वेळाने त्यांनी तळहात तिच्यावरून फिरवला आणि म्हणाले, “मॅडम, वड्याकडंचं रान हाय की हो हे, पांढरं फुटलेलं.” मी ती फळी करताना खारपड जमीन मनात आणलेली नव्हती. तपकिरी भेगांवर राखाडी पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवताना मला फक्त एवढेच पाहायचे होते की पांढरा किती कमी असला तरी दिसतो. तरी निचरा नसलेल्या रानात क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडाल्यावर मिठासारखे पृष्ठभागावर बसतात, ते मी शेकडो वेळा पाहिलेले आहे, आणि हाताने ते परस्पर मांडले असेल तर मी नाही म्हणू शकत नाही. त्यांचे उत्तर बरोबर होते की चूक, याचा विचार मी बरेच दिवस केला. आता मला वाटते की अमूर्त चित्रात आपल्या ओळखीचे काही दिसले तर त्यात वावगे नाही, आणि काही दिसले नाही तरी चित्राचे काही कमी होत नाही. त्या गृहस्थांनी बोलण्याच्या आधी हात फिरवला होता, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. काय आहे असे विचारायच्या आधी ते कसे आहे हे त्यांनी पाहिले.

गायतोंडे यांच्याविषयी मी नंतर मिळेल ते वाचले. १९२४ मध्ये नागपुरात एका गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले, जे. जे. मध्ये शिकलेले आणि पुढे दिल्लीत जाऊन राहिलेले हे चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. ते तैलरंगांत काम करीत, पण रंग लावण्यासाठी ब्रशपेक्षा रोलर आणि रंगलेपनाची सुरी यांचा आधार घेत. वर्तमानपत्रांचे व मासिकांचे फाडलेले कागद वापरून ते रंगांचे आकार पृष्ठभागावर आणीत, थर चढवीत आणि पुन्हा उतरवीत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही वस्तूवरून न काढलेली, म्हणावे असे त्यांना वाटे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्या थोर माणसाच्या कामाशी माझ्या फळ्यांची तुलना करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण रोलरने ओला थर दाबून उचलला की काय होते, कागद सोलून काढला की खाली काय राहते, हे स्वतःच्या हातांनी करून पाहिल्यावर मुंबईत त्यांचे मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तेव्हा मी त्याच्यासमोरून तासभर हलले नाही. समोर उभे राहून मी चित्राचा अर्थ शोधत नव्हते. कोणता थर आधी आला, तो कुठे पातळ केला, कुठे थांबले, एवढेच वाचत होते, आणि डोळे भरून आले. कात्रणातील तळहाताएवढ्या चित्रात यातील काहीही नव्हते.

या छंदाकडे वळू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर मातीत काम केलेल्या बाईला शोभणार नाही. वाळलेला पोत सँडपेपरने घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये. रांगोळीत गारेची भुकटी असू शकते आणि ती फुप्फुसांना घातक आहे, म्हणून चांगला मास्क लावावा किंवा ओले करून घासावे. आणि ब्रश धुतलेले पाणी मोरीत किंवा कुंड्यांत ओतू नये, कारण ॲक्रिलिक हे अखेर प्लॅस्टिक आहे आणि मातीत गेलेले प्लॅस्टिक परत काढता येत नाही. मी ते पाणी बादलीत साठवते आणि त्यात तुरटी फिरवते. आजी पावसाळ्यातील गढूळ पाणी जसे निवळत असे तसेच रंगाचे कण गोळा होऊन तळाशी बसतात. वरचे पाणी गाळून घेतले की खालचा साका उन्हात वाळवून कचऱ्यात टाकता येतो.

आता माझी अपेक्षा. अमूर्त चित्राचे छायाचित्र छापताना आपण त्याखाली चित्रकाराचे नाव आणि क्वचित किंमत छापता. कृपया त्याचा आकार आणि माध्यमही छापावे. चित्र चार फुटांचे आहे की वहीच्या पानाएवढे, तैलरंग आहे की ॲक्रिलिक, कागद आहे की कापड की लाकूड, त्यात वाळू, राख किंवा कापड मिसळले आहे काय, एवढी एक ओळ वाचकाला दिली तर त्याची नजर अर्थाच्या कोड्यातून सुटून पृष्ठभागाकडे वळेल. जागा असेल तेव्हा संपूर्ण चित्राशेजारी त्याच्या एखाद्या कोपऱ्याचे, तिरप्या उजेडात जवळून घेतलेले छायाचित्र छापावे. आणि वर्षातून काही वेळा तरी एखाद्या चित्रकाराला, मग तो मुंबईचा असो की लातूरचा, चित्राचा अर्थ न विचारता ते कसे केले हे विचारावे व त्याचे उत्तर जसेच्या तसे द्यावे. लिलावाची बातमी अवश्य द्यावी, पण तिच्यासोबत हेही असावे.

शाळांबद्दलही एक बोलते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातात ब्रश दिला, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी करणाऱ्या मुलांना कागदाच्या वर उठणारा, बोटांना लागणारा पोत करून पाहायला मात्र संधी क्वचितच मिळते. माझी नात संकल्पचित्रात कडा एक रेघही न ओलांडता रंगवते. एका रविवारी मी तिला फळीचा एक कोपरा आणि उलथने दिले, तेव्हा पहिली दहा मिनिटे ती सारखी विचारत होती, “आजी, बरोबर येतंय का?” नंतर तिने विचारणे सोडले आणि जेवायला हाक मारली तरी ती उठेना. कलाशिक्षकांनी वर्षातून दोन तास मुलांना गावातील माती, भुसकट, रांगोळी आणि थोडे ॲक्रिलिक माध्यम द्यावे, काही काढायला सांगू नये आणि गुणही देऊ नयेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रातून ती त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

पत्र बरेच मोठे झाले आहे. आपण छापताना ते कमी केले तर माझी हरकत नाही. फक्त आकार आणि माध्यम यांविषयीचा परिच्छेद तेवढा ठेवावा. सध्या माझ्याकडे तीन फूट बाय दोन फुटांच्या फळीवर, संगमरवराची पेस्ट, काथ्या आणि जाळीचे कापड यांचा दुसरा थर ओल्या कपड्याच्या तंबूखाली वाळतो आहे. उद्या सकाळी कपडा काढून पाहीन आणि भेगा पडल्या नसतील तर गेरूचा पहिला पातळ हात देईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त मृदा परीक्षण कर्मचारी,
सोलापूर जिल्हा